आणे, नये पैसे आणि ऑनलाइन खेळांचे सर्व्हर

प्रशासनावरील लेखनात संगणकीय खेळांचे काय काम, असे काही वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. मला स्वतःला त्या खेळांत गती नाही. पण घरातील तरुण पिढी तासन् तास त्यात रमते, आणि एका संध्याकाळी मुलगा पडद्यावरील ‘देखभालीसाठी सर्व्हर बंद आहे’ ही सूचना पाहून निमूटपणे पुस्तक घेऊन बसला, तेव्हा मला आश्चर्य वाटले. आमच्या कार्यालयात संगणकप्रणाली दहा मिनिटे बंद पडली तर खिडकीपाशी काय होते, ते मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. येथे मात्र तक्रार नाही, आरडाओरडा नाही. कारण विचारता तो म्हणाला, “बाबा, त्यांनी आधीच सांगितलं होतं. सहाला सुरू होईल.” आणि सहाला ते सुरू झाले.

तेव्हापासून या खेळांचा इतिहास मी एका अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या नजरेने वाचू लागलो.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. या खेळांत हजारो माणसे एकाच वेळी एका कल्पित जगात वावरतात. ते जग कंपनीच्या सर्व्हरवर असते, आणि आपण संगणक बंद केला तरी ते चालूच राहते. तेथे माणसे धंदा करतात, घरे बांधतात, कौशल्ये मिळवतात, संघटना काढतात. अमेरिकन अर्थतज्ज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ साली ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातील नोराथ नावाच्या कल्पित प्रदेशाचे दरडोई उत्पन्न काढले, तेव्हा ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान कोठेतरी येते असे निघाले. यातील गंमत सोडली तरी मुद्दा खरा आहे. ज्या वस्तूसाठी माणसाने वर्ष-दोन वर्षे रात्री जागवल्या, ती वस्तू त्याच्या लेखी मालमत्ताच असते, मग करारनाम्यात काहीही लिहिलेले असो. अशा जगाची प्रणाली बदलणारी कंपनी नकळत एका लहानशा सरकारच्या जागी येऊन बसते.

नित्याची देखभाल हा वादाचा विषय सहसा होत नाही. आइसलँडमधील एका कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा २००३ सालचा खेळ रोज ग्रिनिच वेळेप्रमाणे सकाळी ११ वाजता, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला, संपूर्ण बंद होई. सुरुवातीच्या काळात ही बंदी तासाभराची असे, पुढे ती काही मिनिटांवर आली. रोज सगळे विश्व बंद पडते आणि तरीही त्याविरुद्ध बंड होत नाही, कारण वेळ ठरलेली आहे आणि सर्वांना ती सारखीच लागू आहे. डिसेंबर २००७ मध्ये याच कंपनीच्या एका अद्ययावतीकरणाने काही खेळाडूंच्या संगणकातील, विंडोज सुरू होण्यासाठी लागणारी ‘बूट डॉट आयएनआय’ ही फाइलच पुसून टाकली. खेळ राहिला बाजूला, संगणकच सुरू होईना. चूक अक्षम्य होती. कंपनीने मात्र ती कशी घडली, कोणत्या नावाच्या गोंधळामुळे घडली, हे स्वतःच्या तंत्रज्ञांकडून सविस्तर लिहून प्रसिद्ध केले. कंपनी टिकली आणि खेळाडूही टिकले.

याच्या अगदी उलट उदाहरण ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ या खेळाचे. जून २००३ मध्ये तो अमेरिकेत सुरू झाला. चित्रपटांमुळे नाव घरोघरी पोहोचलेले होतेच, पण खेळाचे वैशिष्ट्य वेगळे होते. येथे प्रत्येकाने योद्धा होण्याची गरज नव्हती. कोणी शिंपी होई, कोणी आचारी, कोणी वास्तुविशारद, कोणी मद्यगृहातील नर्तक. कोणी प्राणी पाळून त्यांना शिकवी. असे तीसहून अधिक व्यवसाय होते. खेळाडू स्वतःची नगरे वसवीत आणि त्यांचे महापौर निवडीत. ‘जेडाय’ होणे जवळजवळ अशक्यप्राय ठेवलेले होते. त्यासाठी कित्येकांनी महिनोन् महिने घातले.

खेळ चांगला चालला होता, पण कंपनीला हवा तितका नव्हे. त्याच सुमारास आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने सगळे आकडे खुजे करून टाकले होते. एप्रिल २००५ मध्ये लढाईची पद्धत बदलण्यात आली. त्यावर कुरबुर झाली आणि शमली. १ नोव्हेंबर २००५ रोजी कंपनीने खेळाचा नवा विस्तार विक्रीला काढला. लोकांनी तो जुन्या नियमांच्या भरवशावर विकत घेतला. पैसे भरून काही दिवस होतात न होतात तोच घोषणा झाली, की संपूर्ण खेळाची रचना बदलत आहे. १५ नोव्हेंबरला बदल अंमलात आला. तीसहून अधिक व्यवसायांचे नऊ झाले. प्राणी पाळणाऱ्यांचा व्यवसायच नाहीसा झाला. आणि जे जेडायपद मिळवण्यासाठी माणसांनी वर्ष खर्ची घातले होते, ते आता कोणाही नवख्याला पहिल्याच दिवशी निवडता येऊ लागले.

घोषणा ते अंमलबजावणी, एकूण पंधरवडाही नाही. आमच्याकडे एखाद्या अधिकाऱ्याची बदली करायची तरी याहून अधिक मुदत देतात (निदान नियमात तसे आहे). पुढे काय झाले ते सांगायला नको. विस्ताराचे पैसे परत करण्याची तयारी कंपनीला दाखवावी लागली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आणि जुने खेळाडू मोठ्या संख्येने निघून गेले. नवे आले नाहीत. १५ डिसेंबर २०११ रोजी सर्व्हर कायमचे बंद झाले.

नवी रचना मुळातच वाईट होती का, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. काहींच्या मते ती सुटसुटीत होती. माझ्या दृष्टीने तो प्रश्न दुय्यम आहे. माणसाला जे मिळाले नाही त्याचे दुःख असते त्यापेक्षा जे हातातून गेले त्याचे जास्त असते, हे कानमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ साली मांडले; आपल्या आजीला ते त्याआधीच ठाऊक होते. कंपनीने लोकांना काय मिळणार याची यादी दिली. काय जाणार याची यादी लोकांनी स्वतःच, एकेक करून, सर्व्हर सुरू झाल्यावर तयार केली.

हे वाचताना मला आमच्या एका जुन्या कार्यालयातील प्रसंग आठवत राहिला. निवृत्तिवेतनाची देयके नव्या प्रणालीवर न्यायची होती. शनिवारी दुपारी फलकावर सूचना लागली की सोमवारपासून कामकाज नव्या पद्धतीने सुरू होईल. सूचनेवर सही माझी होती. प्रत्यक्षात जुन्या नोंदी नव्या प्रणालीत नीट उतरल्याच नाहीत आणि तीन आठवडे गेले. त्या काळात एक वृद्ध गृहस्थ, निवृत्त रेल्वे कर्मचारी, रोज सकाळी दहाला येऊन बाकावर बसत. भांडत नसत. चौथ्या की पाचव्या दिवशी मी त्यांना म्हणालो, काका, आपण रोज येऊ नका, झाले की कळवू. ते म्हणाले, “साहेब, कधी होईल ते तुम्हाला ठाऊक असतं तर मी आलो नसतो.” त्यांचे बरोबर होते. मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे लिहिण्याचे धैर्यही त्या सूचनेत नव्हते.

आल्बर्ट हर्शमन यांच्या १९७० सालच्या पुस्तकात असा विचार आहे की संस्था ढासळू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणे किंवा आवाज उठवणे. आणि कोणती वाट धरली जाते हे बरेचसे निष्ठेवर ठरते. हा विचार त्यांना नायजेरियातील रेल्वेची दुरवस्था पाहून सुचला होता, हे आम्हा सरकारी मंडळींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. खेळाची कंपनी चुकली तर खेळाडू महिन्याची वर्गणी थांबवतो आणि तिमाही हिशेबात ती चूक आकड्याच्या रूपाने दिसते. निवृत्तिवेतनधारकाला जायला दुसरी खिडकी नाही. त्याचे बाकावर बसणे कोणत्याही ताळेबंदात येत नाही.

तरीही सरकारला हे कधीच जमले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दशमान नाण्यांचा कायदा १९५५ साली झाला आणि अंमल १ एप्रिल १९५७ पासून. मध्ये दीड वर्षाहून अधिक काळ लोकांना सांगण्यात गेला. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला; मात्र रुपयाला हात लावला नाही, हे पहिल्यापासून स्पष्ट होते. अधेली म्हणजे पन्नास, पावली म्हणजे पंचवीस, हे हिशेब बिनचूक जुळत. खरी अडचण एका आण्याची, कारण त्याचे सव्वासहा नये पैसे होतात आणि सव्वा पैसा कोणी देऊ शकत नाही. त्यासाठी रूपांतराचे तक्ते होते, आणि जुनी नाणी काही वर्षे नव्यांबरोबर चालू ठेवली होती. नव्या नाण्याला ‘नया पैसा’ म्हणण्याचा उद्देशही हाच, की जुना कोणता आणि नवा कोणता याचा घोळ होऊ नये. गरज संपल्यावर १ जून १९६४ पासून तो ‘नया’ शब्द काढून टाकला. पंचवीस पैशांचे नाणे २०११ साली बंद झाले, तोपर्यंत आपण त्याला ‘चार आणे’च म्हणत होतो. लोकांच्या जिभेवरचे आणे काढून घेण्याचा प्रयत्न सरकारने केला नाही, हे उत्तम झाले.

असाच धडा एका जपानी कंपनीने फार मोठी किंमत मोजून घेतला. ‘फायनल फँटसी’ या नामांकित मालिकेतील चौदावा खेळ सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि साफ कोसळला. डिसेंबरात कंपनीच्या अध्यक्षांनी माफी मागितली, प्रमुख मंडळी बदलली आणि नाओकी योशिदा या फारशा परिचित नसलेल्या गृहस्थांकडे सूत्रे दिली. सुधारणा होईपर्यंत वर्गणी घेतली नाही. ती जानेवारी २०१२ मध्ये सुरू झाली. दरम्यान ऑक्टोबर २०११ मध्येच जाहीर केले होते, की हा सर्व्हर आणि हे सॉफ्टवेअर टाकून देऊन सगळे नव्याने बांधायचे आहे. म्हणजे जे मोडणार हे ठाऊक आहे त्याचीच वर्गणी भरायला सांगायचे! सांगून सवरून सांगितले, आणि जे तीन महिने तरी भरतील त्यांना पुढे कायमची सवलत आणि नव्या खेळाच्या श्रेयनामावलीत नाव, असे वचन दिले.

योशिदा यांची पत्रे नियमाने प्रसिद्ध होत. काय राहील, काय जाईल, हे त्यांत असे. खेळातील चलनाच्या शिलकीतून एक शून्य कमी होईल, म्हणजे दहाचा एक होईल, हेही आधीच सांगितलेले होते. चलनाशी खेळ करणे किती नाजूक हे अर्थशास्त्र शिकलेल्याला वेगळे सांगायला नको. आणि सर्व्हर बंद करण्याची रीत तर विलक्षण. खेळाच्या आकाशात एक लाल गोल दिसू लागला आणि महिन्यांमागून महिने तो मोठा होत गेला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी अखेरच्या तासांत तो जमिनीवर येणार हे सर्वांना माहीत होते. खेळाडू शहरांत जमले, लढले, एकमेकांचा निरोप घेतला, आणि मग पडद्यावर त्या जगाच्या विनाशाचा चित्रपट सुरू झाला. सर्व्हर बंद झाल्याची इतकी सुंदर सूचना माझ्या पाहण्यात नाही. २७ ऑगस्ट २०१३ रोजी नवा खेळ सुरू झाला तेव्हा जुनी पात्रे त्यात होती.

त्या दिवशीही गर्दीने सर्व्हर गुदमरले आणि डिजिटल विक्री काही काळ थांबवावी लागली. पुन्हा माफी, पुन्हा मुदतवाढ. डिसेंबर २०२१ मध्ये ‘एंडवॉकर’ हा विस्तार आला, त्याच्या आधीच योशिदा यांनी लिहून ठेवले होते की जगभर अर्धवाहकांची टंचाई असल्याने नवे सर्व्हर मिळत नाहीत, तेव्हा रांगा लागतील. रांगा लागल्या, कित्येक तासांच्या. कंपनीने वर्गणीदारांना एकूण २१ दिवस मोफत दिले आणि नवी विक्रीच बंद केली. ती जानेवारी २०२२ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. आपल्याकडे पैसे द्यायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाला, आत उभ्या असलेल्यांसाठी, दाराबाहेर थांबवणारा दुकानदार मी फारसा पाहिलेला नाही. आधीच सांगितले होते म्हणून कोणी रागावले नाही, असे मात्र नाही. रागावले, पण निघून गेले नाहीत.

काही वर्षांनी आमच्याकडे प्रणाली पुन्हा बदलली. या वेळी सूचना सहा आठवडे आधी लावली. जुनी नोंदवही दुसऱ्या खिडकीवर चालू राहील, हे तिच्यात लिहिले. तारखेच्या जागी मी एक सोडून दोन तारखा लिहिल्या, पहिली आमच्या आशेची आणि दुसरी, त्यापलीकडे उशीर झाल्यास हातांनी देयक काढून देण्याची. वरिष्ठांनी विचारले, दुसरी तारीख कशाला, लोकांना वाटेल आपल्याला स्वतःचीच खात्री नाही. मी म्हणालो, नाहीच आहे. त्यांनी थोडा वेळ कागदाकडे पाहिले आणि सही केली. काम दोन्ही तारखांच्या मधोमध केव्हातरी पूर्ण झाले.