म्हातारपणाचे घर कोणी निवडले : इंग्लंडमधील आठ-नऊ शतके

वृद्ध नातेवाइकासाठी शुश्रूषागृह शोधायचे, चार ठिकाणी जाऊन खोल्या पाहायच्या, सरकारी तपासणीचे अहवाल वाचायचे आणि मग एक पक्के करायचे, ही इंग्लंडमधली रीत फार तर चार-साडेचार दशकांची आहे. अशी घरे मात्र त्याआधी आठ शतके होती. पैसेवाले सोडले, तर कुठल्या घरात जायचे हे ना वृद्धाच्या हाती होते, ना त्याच्या मुलांच्या. कोणाला आत घ्यायचे हे आधी दाते ठरवीत, पुढे पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीएवढे स्थानिक प्रशासन, आणि त्यानंतर कौन्सिल म्हणजे निवडून आलेली स्थानिक शासनसंस्था.

विंचेस्टर येथील सेंट क्रॉस हे दात्यांनी गरिबांसाठी उभारलेल्या दानगृहांपैकी सर्वांत जुने समजले जाते. हेन्री ऑफ ब्लॉइस या बिशपने ११३० च्या दशकात ते तेरा दुर्बळ, गरीब पुरुषांसाठी स्थापन केले आणि ते आजही चालू आहे. तिथले काही रहिवासी काळा झगा घालतात आणि त्यावर रुपेरी क्रूस लावतात. १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, तेव्हा मठांच्या आश्रयाने चालणारी बरीच गृहे बुडाली. ती उणीव पुढे व्यापारी, जमीनदार आणि कारागीर-संघ यांनी बांधलेल्या दानगृहांनी काही प्रमाणात भरून काढली. दाता मृत्युपत्रातच अटी घालून ठेवी. रहिवासी त्याच गावचा हवा, चालचलणूक चांगली हवी, रोज प्रार्थनेला हजेरी हवी. नियम मोडणाऱ्याला बाहेर काढले जाई. राहणाऱ्याला मान होता, डोक्यावर छप्पर होते. पण जागा मोजक्या असल्यामुळे बहुसंख्य गरिबांपर्यंत हे दान पोचतच नसे.

त्यांच्यासाठी १६०१ चा गरिबांविषयीचा कायदा होता. प्रत्येक पॅरिशने कर गोळा करून आपल्या हद्दीतल्या निराधारांना पोसावे, असे त्याने ठरवले. त्याच कायद्याने ऐपत असलेल्या मुलांवर आईवडिलांना सांभाळण्याची सक्ती केली. ‘पूर्वी कुटुंबे आपणहून सांभाळत’ हे सरसकट विधान करणाऱ्यांनी ही सक्ती लक्षात घ्यावी. जे आपोआप होते त्यासाठी कायदा करावा लागत नाही. व्यवहारात पॅरिश वृद्धाला बहुतेक वेळा त्याच्या राहत्या घरीच आठवड्याला थोडे पैसे देई.

१८३४ च्या सुधारित कायद्याने या व्यवस्थेचा रोख बदलला. पॅरिशांचे गट पाडून प्रत्येक गटासाठी एक वर्कहाउस, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घेण्याचे गृह, आणि त्यावर निवडून आलेले पालक मंडळ आले. आतले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्याहूनही नकोसे असावे, म्हणजे खरा नडलेलाच दार ठोठावील, हे त्यामागचे तत्त्व होते. ते आखले होते धडधाकट बेकारांना धाक बसावा म्हणून. पण धडधाकट माणूस काम मिळताच निघून जाई आणि मागे उरत ते म्हातारे, आजारी, मुले. गणवेश, ठरावीक अन्न, पुरुष एकीकडे आणि स्त्रिया दुसरीकडे. साठी ओलांडलेल्या जोडप्यांची ताटातूट करू नये, ही सवलत १८४७ मध्ये आली. याहून मोठी भीती मरणानंतरची होती. १८३२ च्या कायद्यानुसार बेवारस प्रेत शरीरविच्छेदनासाठी वैद्यकीय शाळांना देता येई, आणि अशी प्रेते बहुतांशी वर्कहाउसमधूनच मिळत. तिथे जाण्यापेक्षा उपाशी राहिलेले बरे, असे वृद्धांना का वाटे, हे यावरून कळते.

शुश्रूषा म्हणावी अशी गोष्ट तिथे बराच काळ नव्हती. रुग्णांची काळजी घेत ते वर्कहाउसमधलेच दुसरे गरीब. मोबदला म्हणून त्यांना थोडे जास्त अन्न किंवा बिअर मिळे. १८६४ च्या अखेरीस लंडनच्या होबर्न वर्कहाउसमध्ये असताना अंगावर जखमा चिघळलेल्या टिमोथी डेली या मजुराचा मृत्यू गाजला. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनच्या वर्कहाउसमधील रुग्णविभागांची पाहणी सुरू केली. त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याच्या पैशाने आणि फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने अ‍ॅग्नेस जोन्स ही प्रशिक्षित परिचारिका ब्राउनलो हिल वर्कहाउसच्या रुग्णविभागात रुजू झाली. १८६८ मध्ये ती टायफसने गेली; पण प्रशिक्षित परिचारिकेने गरिबांची सेवा करायची हा पायंडा तिने पाडला. १९०९ च्या १ जानेवारीपासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला कमाल पाच शिलिंग निवृत्तिवेतन मिळू लागले आणि हातीपायी धड असलेल्या काही वृद्धांची वर्कहाउसची वाट चुकली. ज्याला उठता-बसता येत नव्हते त्याला मात्र पाच शिलिंग पुरेसे नव्हते.

पैसे असलेल्यांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खासगी नर्सिंग होम निघाली. एखादे मोठे घर, वर-खाली खोल्या आणि एक-दोन परिचारिका, एवढ्यावर ती चालत. इथे निवड होती, देखरेख नव्हती. १९२७ च्या कायद्याने त्यांची नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली. त्या कायद्यातील व्याख्येशी १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्यातील व्याख्येचे जवळचे साम्य आहे. मात्र महाराष्ट्रात हा कायदा लागू झाला तो मुख्यतः छोट्या खासगी रुग्णालयांना आणि प्रसूतिगृहांना.

१९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या जुन्या वर्कहाउसचा रुग्णविभाग आला आणि डॉ. मार्जरी वॉरेन यांच्या पदरी ७१४ रुग्ण पडले. त्यांतले अनेक जण वर्षानुवर्षे खाटेवर पडून होते. वॉरेन यांनी प्रत्येकाला तपासले, त्यांची वर्गवारी केली, त्यांना उठवून चालते केले, आणि बरेच जण घरी किंवा साध्या निवासात जाऊ शकतील असे दाखवून दिले. कोणाला रुग्णालय हवे आणि कोणाला फक्त आधाराचे घर, हा प्रश्न वैद्यकीय कसोटीवर प्रथमच इतक्या नेटाने विचारला गेला.

१९४८ मध्ये हाच भेद कायद्यात उतरला, पण त्याला पैशाचे अंग जडले. आजारी माणूस राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे, म्हणजे मोफत. नुसता थकलेला माणूस कौन्सिलच्या निवासात, म्हणजे ऐपतीप्रमाणे पैसे भरून. आठवड्याचे निवृत्तिवेतन २६ शिलिंग होते. त्यातले २१ निवासाचे आणि पाच हातखर्चाचे, असा किमान हिशेब ठरला. मंत्री अ‍ॅन्युरिन बेव्हन यांना वर्कहाउसच्या जागी लहान, हॉटेलसारखी घरे हवी होती. त्याच कायद्याने मुलांवरची आईवडिलांना पोसण्याची साडेतीनशे वर्षांची सक्तीही संपवली. भारताने २००७ मध्ये नेमकी उलटी वाट धरली. पालकांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकणाऱ्या त्या कायद्यात, किमान १५० निराधार ज्येष्ठ राहू शकतील असा एक तरी वृद्धाश्रम राज्यांना दर जिल्ह्यात काढता यावा, अशी तरतूदही आहे.

बेव्हन यांची छोटी घरे हळूहळू उभी राहिली. पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने १७३ निवास पाहून १९६२ मध्ये ‘द लास्ट रेफ्यूज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पाटी बदललेल्या जुन्या वर्कहाउसमध्ये तेव्हाही हजारो वृद्ध राहत होते. एकाकीपणा, रिकामा दिवस आणि कशावरच ताबा नसणे हे त्याला नव्या इमारतींतही आढळले.

निवड सर्वसामान्यांच्या हाती आली ती थोडीशी अपघातानेच. १९८० मध्ये गरिबांना मिळणाऱ्या साहाय्यक भत्त्याचे नियम बदलले आणि खासगी निवासाचे शुल्क केंद्र सरकार भरू लागले. गरज आहे की नाही, हे कोणी तपासत नव्हते. नेमक्या त्याच सुमारास इंग्रज पर्यटक स्वस्त विमानाने स्पेनला जाऊ लागले होते आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या गावांतली अतिथिगृहे ओस पडली होती. त्यांतली कित्येक वृद्धांची घरे झाली. या भत्त्याचा १९७९ मधला सुमारे एक कोटी पौंडांचा खर्च १९९० च्या दशकाच्या आरंभी दोनशे कोटींपलीकडे गेला. म्हणून १९९३ पासून गरज जोखण्याचे आणि पैसे देण्याचे काम कौन्सिलकडे आले. त्यासोबतच्या निर्देशांनी वृद्धाला पसंतीचे घर मागण्याचा हक्क दिला. अट अशी की घर गरजेला योग्य हवे, तिथे जागा हवी आणि दर कौन्सिलच्या नेहमीच्या दराहून जास्त नको. जास्त असल्यास फरक नातेवाइकांनी भरायचा. इथून पुढे कुटुंबाची पसंती आणि कुटुंबाचा खिसा ही एकच बाब झाली. २०१० पासून २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असलेल्याला निवासाचा सगळा खर्च स्वतः करावा लागतो, आणि कायम निवासाला गेलेल्या एकट्या माणसाचे राहते घरही त्या मालमत्तेत धरले जाते. त्यामुळे आईचे शुश्रूषागृह निवडणे म्हणजे पुष्कळदा आईचे घर विकायला काढणे.

निवडणाऱ्याला माहिती मिळावी म्हणून २००२ पासून किमान मानके लागू झाली. २०१४ पासून सरकारी तपासणी आयोग प्रत्येक घराला चारपैकी एक श्रेणी देऊ लागला. पण श्रेणीतून मालकाचा ताळेबंद दिसत नाही. सुमारे ७५० घरे आणि ३१,००० रहिवासी असलेली सदर्न क्रॉस ही कंपनी भाड्याने घेतलेल्या इमारतींच्या ओझ्याखाली २०११ मध्ये कोसळली. घरे दुसऱ्या चालकांकडे गेली. ज्यांनी ती पारखून घेतली होती त्या कुटुंबांना यात काही विचारले गेले नाही. त्यानंतर २०१४ च्या कायद्याने मोठ्या चालकांच्या आर्थिक स्थितीवर लक्ष ठेवण्याचे काम तपासणी आयोगाकडे सोपवले, आणि चालक बुडाल्यास रहिवाशांची काळजी खंडित होऊ न देण्याची तात्पुरती जबाबदारी कौन्सिलवर टाकली.