जुन्या संगणकाचे निदान

यंत्र जुने झाले की ते भंगारात जावयाचे, हा आजच्या काळाचा सर्वमान्य रिवाज होय. तथापि चाळीस वर्षांपूर्वीचे संगणक मिळवावयाचे, त्यांतील बिघाड शोधावयाचा आणि त्यांना पुन्हा चालते करावयाचे, या उद्योगात रमणारा एक वर्ग जगभर आढळतो. हा केवळ जुन्याचा लोभ आहे, असे मला वाटत नाही. कोणते यंत्र दुरुस्त होऊ शकते, कोणते होऊ शकत नाही, आणि हे ठरविते कोण, असा एक ऐतिहासिक प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. त्याचे उत्तर एका विशिष्ट यंत्राच्या चरित्रात सापडते.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला पहिला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्याचा क्रमांक ५१५०. फ्लॉरिडा राज्यातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालील एका लहानशा तुकडीने तो सुमारे एका वर्षात तयार केला होता. वेळ थोडा असल्यामुळे या तुकडीने बाजारात मिळणारेच भाग वापरले. संगणकाचा मेंदू, म्हणजे ८०८८ हा प्रोसेसर, इंटेल कंपनीचा होता. ज्या पटलावर हे सर्व भाग बसविलेले असतात त्यास मदरबोर्ड म्हणतात. या मदरबोर्डावर प्रारंभी १६ किलोबाइट स्मृती असे आणि ती ६४ किलोबाइटपर्यंत वाढविता येई.

परंतु या यंत्राचे खरे वैशिष्ट्य त्याच्याविषयीच्या एका ग्रंथात होते. कंपनीने त्याची तांत्रिक संदर्भपुस्तिका विक्रीस ठेवली. तीत मदरबोर्डाचे संपूर्ण विद्युत्-आराखडे होते. इतकेच नव्हे, तर संगणक सुरू होताच जी मूळ आज्ञावली चालते, जिला बायोस म्हणतात, तीही स्पष्टीकरणांसह ओळीनिशी छापलेली होती. इतरांनी या संगणकास जोडावयाची उपकरणे तयार करावीत, हा त्यामागील हेतू होता.

या मोकळेपणाची किंमत कंपनीस लवकरच मोजावी लागली. बायोसवर कायद्याने तिचा स्वामित्वहक्क होता. परंतु ती छापील आज्ञावली ज्यांनी पाहिलीच नव्हती अशा अभियंत्यांकडून कॉम्पॅक कंपनीने तेच कार्य करणारी स्वतंत्र आज्ञावली लिहून घेतली आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये आपला तद्रूप संगणक जाहीर केला. पुढे असे संगणक देशोदेशी निघाले. १९८४ मध्ये भारत सरकारने संगणकविषयक धोरण शिथिल केल्यानंतर आपल्याकडेही याच घराण्यातील यंत्रांचा प्रसार झाला. १९८७ मध्ये आयबीएमने नव्या रचनेची मालिका काढून ती परवान्याच्या कुंपणात ठेवली खरी. परंतु बाजार तोवर तिच्या हातून निसटला होता. व्यापाराच्या दृष्टीने जो तोटा ठरला, तोच दुरुस्ती करणाऱ्यांस मात्र वारसा म्हणून लाभला.

तो वारसा कसा उपयोगी पडतो, ते पाहण्याजोगे आहे. समजा, एखादा ५१५० संगणक बटण दाबूनही निपचित राहतो. अशा वेळी पहिला संशय टँटलम कपॅसिटरवर जातो. हा मोत्याएवढा भाग जुना झाला की कधी कधी आतून जोडला जातो आणि विजेस भलतीच वाट मिळते. ते ओळखून वीजपुरवठ्याची पेटी स्वतःच बंद होते. १२ व्होल्टच्या तारेचा रोध मल्टिमीटरने मोजला की दोष उघड होतो. हा निकामी भाग काढला, की पुष्कळदा संपूर्ण यंत्र जागे होते.

दोष स्मृतीत असेल, तर संगणक स्वतःच तक्रार नोंदवितो. पडद्यावर २०१ हा अंक उमटतो आणि त्याच्या आधीच्या चिन्हांवरून कोणत्या रांगेतील कोणती चिप बिघडली ते कळते. चिपांच्या चार रांगा असतात आणि प्रत्येक रांगेत नऊ चिपा. आठ माहिती साठवितात, नववी त्यांची पडताळणी करते. पहिली रांग मात्र डाख देऊन पक्की केलेली असते, आणि तीच बिघडली तर यंत्र मुके होते. मग संशयित चिपेच्या पाठीवर एक निरोगी चिप पायांस पाय लावून दाबून धरावयाची, ही जाणत्यांची जुनी युक्ती होय.

दुरुस्तीबरोबरच सुधारणाही आल्या. २७ ऑक्टोबर १९८२ पूर्वीचा बायोस जोडकार्डावरील आज्ञावलीचा शोधच घेत नाही. त्यामुळे त्या यंत्रांस पुढील काळातील हार्ड डिस्क सहसा ओळखता येत नाही. तेव्हा बायोसची चिप बदलावी लागते. तेथील सॉकेट २४ पायांचे आणि सहज मिळणारी चिप २८ पायांची, म्हणून मध्ये जोडपट्टी बसवितात. प्रोसेसरच्या जागी जपानच्या एनईसी कंपनीची व्ही-२० ही चिप तशीच बसते आणि त्याच गतीच्या घड्याळावर अधिक काम उरकते. तिच्यावरून इंटेलशी न्यायालयीन वाद झाला; १९८९ मध्ये निकाल एनईसीच्या बाजूने लागला.

यानंतरच्या पिढीतील मदरबोर्डांचा शत्रू वेगळा आहे. वेळ व मांडणी लक्षात राहावी म्हणून त्यांपैकी अनेकांवर निकेल-कॅडमियमची लहान बॅटरी डाख देऊन बसविलेली असे. तिच्यातून झिरपणारा क्षार तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. प्रथम बॅटरी काढावयाची, सौम्य व्हिनेगरने क्षार मारावयाचा, पाण्याने धुऊन पटल पूर्ण वाळवावयाचे, मग एकेक रेघ तपासून तुटलेल्या जागी बारीक तार जोडावयाची, असा हा चिकाटीचा उपचार आहे. येथे अडचण येते ती निराळीच. अनेक लहान कारखान्यांनी आपले आराखडे कधी प्रसिद्ध केले नाहीत. खाल्लेली रेघ कोठून निघून कोठे जात होती, हे सांगणारे मग कोणी उरत नाही. ५१५० पेक्षा वयाने लहान असलेले पटल केवळ कागदाअभावी टाकून द्यावे लागते.

शासकीय सेवेत असलेल्या माणसास याचे मर्म सहज कळावे. अधिकारी बदलतो; पण निर्णयाची कारणे दप्तरात नोंदलेली असतील, तर काम अडत नाही. यंत्राचेही तसेच आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, तेव्हा उत्पादकांनी माहितीपुस्तिका व सुटे भाग ग्राहकांस उपलब्ध करावेत, हाच विचार पुढे आला. त्या विचाराची कसोटी १९८१ च्या त्या यंत्रावर आधीच लागून गेली आहे. त्याची जबाबदारी घेणारे कार्यालय आज कोठेही नाही. तरीही त्याचा आराखडा समोर उघडून कोणीही जिज्ञासू माणूस त्यातील बिघडलेली चिप शोधू शकतो.