‘तोल जाऊन पडला’ : उंचीवरील मरणाचा इतिहास

वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक वाक्य वर्षानुवर्षे छापले जात आहे : ‘परांचीवरून तोल जाऊन पडल्याने मजुराचा मृत्यू.’ परांचीच्या जागी कधी कारखान्याचे छप्पर येते, कधी पाण्याची टाकी, कधी धुराडे. वाक्याची घडण तीच राहते. या वाक्यात कर्ता एकच आहे, तो म्हणजे मेलेला मजूर. तोल त्याचा गेला आणि पडलाही तोच. फळी कोणी बांधली, कठडा का नव्हता, त्याला वर कोणी चढवले, याचा वाक्यात पत्ता नसतो. पंचनाम्यातही पुष्कळदा हेच वाक्य उतरते आणि प्रकरण मिटते. हे वाक्य भाषेच्या सवयीतून आले असे मानणे भाबडेपणाचे होईल. ते एका व्यवस्थेने घडवले आहे, आणि त्या व्यवस्थेला इतिहास आहे.

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरता तो होता. त्याने मुलांच्या कामाचे तास बांधले आणि धोक्याच्या यंत्रांभोवती कुंपण घालायला सांगितले. प्रौढ कामगाराच्या तासांबद्दल तो गप्प राहिला. या पार्श्वभूमीवर सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या त्यातल्या मागण्या आपण शिकवतो. त्याच निवेदनातली आणखी एक मागणी सहसा शिकवली जात नाही. काम करताना गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो जन्माचा अपंग झाला त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. इजा हा कामगाराच्या नशिबाचा भोग नसून ती कामाने केलेली हानी आहे, आणि हानीची भरपाई काम करवून घेणाऱ्याने करावी, हा विचार त्यात स्पष्ट आहे. तो मुंबईच्या कामगाराने स्वतः मांडला होता.

त्या विचाराला कायद्याचे रूप यायला जवळजवळ चाळीस वर्षे गेली. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आला, पण दोन गाठी मारून आला. भरपाई मजुरीच्या प्रमाणात ठरली. म्हणजे ज्याला जगताना कमी मोजले त्याला मेल्यावरही कमीच मोजायचे. दुसरी गाठ अशी की, कामगाराने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडल्याचे दाखवता आले, तर मालकाची सुटका होऊ शके. ‘त्याचीच चूक होती’ या वाक्याला त्यामुळे पैशाची किंमत आली.

आता प्रश्न असा की, वर चढतो कोण? ‘मूकनायका’च्या १९२० च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मजल्यामजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली होती. मुंबईच्या गिरण्यांत हा मनोरा जसाच्या तसा उभा होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना जास्त मजुरीच्या विणखात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. जातीने खाते ठरवले आणि खात्याने मजुरी ठरवली. पुढे कायम कामगार आणि ठेक्याचा कामगार अशी नवी उतरंड आली. छपराचे पत्रे बदलणे, टाकी रंगवणे, धुराडे साफ करणे ही चार दिवसांची कामे ठेकेदाराच्या टोळीकडे गेली. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या त्या टोळीत कोण असतात हे वाचकांना सांगायला नको : दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, दुष्काळाने गाव सोडलेले शेतमजूर. मनोऱ्याच्या तळमजल्यावर कोंडलेल्या माणसाला औद्योगिक जगाने सर्वांत उंच जागी नेऊन उभे केले. धड शिडी मात्र तिथेही दिली नाही.

अशा वेळी एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : ‘या लोकांना सवय असते, त्यांना उंचीची भीती वाटत नाही.’ जन्माने काम ठरवणाऱ्या विचाराचेच हे आधुनिक रूप आहे, आणि ते आपल्या देशापुरते नाही. कॅनडातील कानावाके या वस्तीतले मोहॉक आदिवासी १८८६ च्या सुमारास सेंट लॉरेन्स नदीवरच्या रेल्वे पुलाच्या कामात लोखंडकामाला लागले. ते जन्मतःच निर्भय असतात, अशी दंतकथा लवकरच पसरली. २९ ऑगस्ट १९०७ रोजी त्याच नदीवर बांधला जात असलेला क्वेबेकचा पूल कोसळला. ७५ माणसे मेली आणि त्यांत ३३ मोहॉक होते. चौकशी आयोगाला दोष सापडला तो पुलाच्या आराखड्यात आणि अभियंत्यांच्या निर्णयांत. मरणाऱ्यांचे पाय पक्के होते. ज्या लोखंडावर ते उभे होते तेच कच्चे होते. त्यानंतर गावातल्या स्त्रियांनी सगळ्या पुरुषांनी एकाच कामावर जायचे नाही असा आग्रह धरला, असे सांगतात. ‘त्यांना भीती वाटत नाही’ म्हणणाऱ्यांना ही भीती दिसली नव्हती.

याउलट सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे उदाहरण पाहा. १९३३ ते १९३७ या काळात तो बांधला गेला. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी कामाखाली जाळे बांधवून घेतले. त्या जाळ्याने १९ माणसे वाचवली. तोल त्यांचाही गेला होता. पण त्यांची बातमी ‘तोल जाऊन मृत्यू’ अशी झाली नाही. एकूण ११ माणसे तिथेही मेली. त्यांतली १० एकाच दिवशी, १७ फेब्रुवारी १९३७ रोजी गेली. कामाचा मंचच निसटला आणि जाळे फाडून खाली गेला. दोन्ही आकडे एकच सांगतात : माणूस तगतो किंवा मरतो तो बांधणीमुळे. सावधगिरीचा उपदेश इथे फार थोडा कामाचा आहे. सहा मीटरवरून पडणारा माणूस जेमतेम सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर आदळतो, ताशी सुमारे ३९ किलोमीटर वेगाने. सावध व्हायला त्याला वेळ कुठे आहे?

आपल्याकडे ही दिशा धरली गेली ती बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच्या काळात, १९४२ ते १९४६ मध्ये. १९४५ साली मजूर खात्यात कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय निघाले. कारखान्यांतील सुरक्षा आणि आरोग्य या विषयांचे तज्ज्ञ केंद्र म्हणून पुढे ते वाढले. १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. थकलेला पाय घसरतो, म्हणून हाही सुरक्षेचाच कायदा म्हटला पाहिजे. त्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. त्याच्या ३२ व्या कलमाने जिने, वाटा आणि चढण्याची साधने भक्कम असावीत असे सांगितले. पुढे दुरुस्तीने त्यात भर पडली की, पडण्याचा संभव असलेल्या उंचीवर काम असेल तर कठडा घालून किंवा अन्य प्रकारे कामगाराच्या सुरक्षेची तजवीज व्हावी. हे कर्तव्य कायद्याने कारखाना चालवणाऱ्यावर टाकले. पण ‘व्यवहार्य असेल तितपत’ असे शब्दही सोबत घातले, आणि व्यवहार्य काय हे बहुधा मालकाचा हिशेब ठरवत आला.

सुरक्षेच्या शास्त्राचा क्रम साधा आहे. पहिला प्रश्न, हे काम जमिनीवर करता येईल का? तुळई खालीच रंगवून वर नेता येते. नसेल जमत, तर कठडा, पायाशी आडवी फळी, नीट बांधलेला मंच आणि चढायला पक्की शिडी. तेही अपुरे असेल तर खाली जाळे, अंगावर पट्टा. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. पट्टा आधी दिला जातो, कारण तो स्वस्त आणि न वापरल्याचा दोष मजुरावर टाकता येतो. तो अडकवायला वर भक्कम दोर किंवा कडी आहे का, हे कोणी विचारत नाही. न अडकवलेला पट्टा म्हणजे फोटोपुरता दागिना.

माझे वडील ठेकेदाराच्या टोळीत सिमेंटचे पत्रे बदलायला जात. जुना पत्रा वरून घट्ट दिसतो आणि पाय ठेवताच फुटतो. म्हणून टोळीतले जाणते नव्या पोराला सांगत, बोल्टांच्या रेषेवरून चाल, खाली तुळई आहे. पत्र्यावर आडव्या फळ्या टाकून मिळाल्या असत्या, तर ही कसरत लागलीच नसती. फळ्या मागायचे ज्ञान त्यांच्याकडे होते; मागण्याचा अधिकार नव्हता. दुसऱ्या दिवशी नाक्यावर नाव पुकारले जाणार नाही, ही भीती उंचीच्या भीतीपेक्षा मोठी होती.

१९९६ साली बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून कल्याण निधी उभारण्याची सोय झाली. त्याचा लाभ नोंदणीवर आणि नोंदणी वर्षातल्या ९० दिवसांच्या कामाच्या पुराव्यावर अवलंबून. रोज वेगळ्या मुकादमाबरोबर जाणाऱ्याने तो कुठून आणावा? २०२० च्या सुरक्षा संहितेने १३ कायदे एकत्र केले; २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. १९४८ च्या मूळ कायद्यात वीज वापरणारा कारखाना १० कामगारांपासून कारखाना ठरे, संहितेत तो २० पासून ठरतो. ठेक्याच्या कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी २० पासून लागत, आता ५० पासून. पत्रे बदलणारी टोळी आठ-दहा जणांची असते. कायद्याच्या आकड्यांत ती पुन्हा बसत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी निदान एक काम हाती घ्यावे. अशी बातमी आली की नुकसानभरपाईच्या अर्जाबरोबर प्रश्नही लिहून द्यावेत, आणि क्रमाने द्यावेत : हे काम वर करणे गरजेचे होते का? कठडा होता का? मंच कोणी बांधला, कोणी तपासला? पट्टा कशाला अडकवायचा होता? मूळ मालक कोण आणि ठेका कोणाचा? ही उत्तरे पंचनाम्यात उतरवून घेण्याचा आग्रह धरावा. लोखंड्यांच्या निवेदनावर साडेपाच हजार सह्या होत्या, आणि त्या करणाऱ्यांत अंगठे उठवणारेही असतील. आपण तर लिहायला शिकलेली माणसे आहोत. ‘तोल जाऊन पडला’ या वाक्याखाली आपली सही पडू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.