किंग एडवर्ड महाविद्यालयातील एक प्राध्यापक : डॉ. हिरालाल जैन

अमरावतीचे किंग एडवर्ड महाविद्यालय १९२३ साली सुरू झाले. पुढे ते विदर्भ महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. तेथे १९२५ मध्ये संस्कृतचे अध्यापक म्हणून एक तरुण रुजू झाला. नरसिंहपूर जिल्ह्यात १८९९ साली जन्मलेले हे हिरालाल जैन त्यानंतर १९४४ पर्यंत अमरावतीकरच होऊन राहिले.

शिक्षक वर्गात काय शिकवतो, याइतकाच तो विद्यार्थ्याच्या हाती काय ठेवतो हा प्रश्न मोलाचा आहे. त्या काळी प्राकृत व अपभ्रंश शिकू इच्छिणाऱ्याच्या हाती ठेवण्याजोगी पुस्तके फारच थोडी होती. ग्रंथ होते, पण ते भांडारांत, वेष्टनांत बांधलेले. सुदैवाने असे एक समृद्ध भांडार जवळच, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील कारंजा येथे होते. (कारंजा १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात आहे.) कटनीच्या रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा तेथील अपभ्रंश ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. प्रा. हिरालाल जैन यांनी त्या भाषेतील ग्रंथांच्या संपादनाचे काम हाती घेतले. ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’, ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘करकंडचरिउ’ ही त्यांची संपादने १९३२ ते १९३४ या अवघ्या दोन-तीन वर्षांतली. ‘करकंडचरिउ’मध्ये वर्णिलेल्या तेरापुराच्या लेण्यांचा धाराशिवच्या लेण्यांशी त्यांनी लावलेला संबंध मराठी वाचकाला आजही जवळचा वाटेल.

परंतु त्यांच्या नेतृत्वाची खरी कसोटी लागली ती षट्खंडागमाच्या वेळी. वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेसह या सिद्धांतग्रंथाची प्राचीन ताडपत्रे कर्नाटकात मूडबिद्री येथे होती. बाहेर आलेल्या होत्या त्या नकलांच्या नकला. असे ग्रंथ छापू नयेत, गृहस्थाला त्यांच्या अध्ययनाचा अधिकारच नाही, असे मानणारी मंडळी समाजात कमी नव्हती. ग्रंथमालेच्या एका प्रस्तावनेत प्राध्यापकांनी या प्रश्नाचा शांतपणे ऊहापोह केला आणि काम पुढे नेले. विदिशेच्या शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या देणगीतून जैन साहित्य उद्धारक फंड उभा राहिला. पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला.

हे एकट्याचे काम नव्हे, हे त्यांनी आरंभीच ओळखले होते. सहसंपादक म्हणून पं. फूलचंद्र आणि पं. हिरालाल हे दोन सिद्धांतशास्त्री (सूचीकार रायबहादूर धरले, तर या लेखातले हे तिसरे हिरालाल!), संशोधनात साहाय्याला कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमातील पं. देवकीनंदन आणि कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये. परंपरेने शिकलेले पंडित आणि विद्यापीठात शिकलेले प्राध्यापक असे एका कामावर बसवणे सोपे नव्हते. तिसऱ्या भागात जीवसंख्येचे गणित आले, तेव्हा त्यांनी आपल्याच महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकांचे साहाय्य घेतले; चौथ्या भागासाठी लखनौच्या डॉ. अवधेश नारायण सिंह यांच्याकडून धवलेतील गणितावर लेख मिळवला. एखादी संख्या कितीदा निम्मी करता येते ते सांगणारा ‘अर्धच्छेद’ (३२ चे अर्धच्छेद ५) म्हणजे आजचा दोन पायाचा लॉगरिथम, हे त्यामुळे गणिताच्या अभ्यासकांपुढे आले. मूळ प्राकृत, हिंदी अनुवाद आणि तुलनात्मक टिपा अशी मांडणी असल्याने होतकरू विद्यार्थ्यालाही या ग्रंथात पाऊल टाकता आले.

पहिल्या भागातील ९३ व्या सूत्राची हकिगत तर प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावी अशी आहे. मनुष्यिणींच्या गुणस्थानांविषयीच्या या सूत्रात, टीका व पुढील प्रकरणे पाहता, ‘संजद’ हे पद असायला हवे होते. उपलब्ध नकलांत ते नव्हते. संपादकांनी ते मूळ सूत्रात घुसडले नाही. येथे हे पद गळलेले दिसते, एवढेच तळटीपेत नोंदवले. त्या एका टिपेवरून मोठे वादळ उठले, कारण स्त्रीमुक्तीचा जुना वाद तिच्याशी निगडित होता. पुढे मूडबिद्रीची दारे उघडली, ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यात आला, आणि ‘संजद’ हे पद तेथे मिळाले.

१९४४ मध्ये नागपूर विद्यापीठाची डी. लिट्. पदवी मिळवून ते नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात गेले. त्यानंतर बिहारमधील प्राकृत संशोधन संस्थेचे संचालकपद, मग जबलपूर विद्यापीठ. धवलेचे सोळा भाग पूर्ण व्हायला मात्र सुमारे वीस वर्षे लागली. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.