जुन्या छायाचित्रांनी दिलेला दिलासा

श्रोतेहो, २००४ सालचा डिसेंबर आठवतो? २६ तारखेला त्सुनामी आली आणि साऱ्या जगाचे डोळे समुद्राकडे लागले. त्याच दिवसांत काही खगोलशास्त्रज्ञ मात्र आकाशाकडे पाहून धास्तावले होते. जूनमध्ये अमेरिकेतील किट पीक वेधशाळेतून सापडलेला एक लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता २७ डिसेंबरला ३७ मध्ये १ इतकी वाढली होती.

त्याच दिवशी मार्चमधली जुनी छायाचित्रे हाती लागली. त्यांत हा पाहुणा अंधुकसा टिपला गेला होता; तेव्हा कुणाचे लक्ष गेले नव्हते. त्यावरून कक्षेचे गणित नव्याने मांडले आणि २०२९ ची भीती सरली. पुढे त्याला अपोफिस हे प्राचीन इजिप्तमधल्या अंधाराच्या दैत्याचे नाव मिळाले. २०२१ च्या रडार वेधांनी आणखी किमान शंभर वर्षांचा निर्वाळा दिला.

सुमारे ३४० मीटरचा हा खडक २०२९ मध्ये जमिनीपासून जेमतेम ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. टीव्हीचे उपग्रहसुद्धा याहून उंचावर असतात! पृथ्वीच्या ओढीने त्याचे फिरणे कसे बदलते, हे नासाचे ओसायरिस-अपेक्स यान पाहणार आहे. अशा खडकांची घडण कळली, तरच उद्या खरोखर अंगावर येणाऱ्याला वाटेतून ढकलता येईल.

त्या डिसेंबरात धीर दिला तो कुणीतरी जपून ठेवलेल्या छायाचित्रांनी. जुनी दप्तरे रद्दीत घालताना मला हे हटकून आठवते.