आरमार कोणाचे? : चीन-जपान नौदल संघर्ष (१८९४-९५) आणि आंग्रे आरमाराचा अस्त

प्रस्तावना :
कोरियावरील वर्चस्वासाठी १८९४-९५ मध्ये झालेल्या चीन-जपान युद्धात समुद्रावरील सत्ता निर्णायक ठरली. जपानचे आधुनिकीकरण आणि चिनी दरबाराचा भ्रष्टाचार ही चीनच्या पराभवाची नेहमी सांगितली जाणारी कारणे होत. ती खरी असली तरी पुरेशी नाहीत. चीनपाशी बलाढ्य युद्धनौका होत्या, परंतु सर्व राज्याचे असे एक आरमार नव्हते. मराठ्यांच्या इतिहासातही १७५५-५६ मध्ये आंग्र्यांच्या आरमाराचा नाश झाला, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला होता. त्या दृष्टीने दोन्ही घटनांचा एकत्रित विचार उद्बोधक ठरतो.

संघर्षाची पार्श्वभूमी :
कोरिया हे चीनचे मांडलिक राज्य मानले जाई. १८७६ च्या तहाने जपानने तेथे शिरकाव केला. १८८५ च्या तिएन्त्सिन करारान्वये कोरियात सैन्य पाठविताना परस्परांना पूर्वसूचना देण्याचे उभय राष्ट्रांनी मान्य केले. १८९४ मध्ये तोंगहाक शेतकऱ्यांचा उठाव मोडण्यासाठी कोरियाचा राजा कोजोंग याने चीनकडे मदत मागितली. चिनी फौज येताच जपाननेही आपले सैन्य उतरविले आणि २३ जुलै रोजी सोल येथील राजवाडा ताब्यात घेतला. २५ जुलै रोजी तोगो हेइहाचिरो याच्या ‘नानिवा’ या जहाजाने सुमारे ११०० चिनी सैनिक घेऊन जाणारे, ब्रिटिश निशाणाखालील ‘कौशिंग’ हे जहाज बुडविले. १ ऑगस्ट रोजी युद्ध अधिकृतपणे जाहीर झाले.

यालूची लढाई व वेइहाइवेइ :
१७ सप्टेंबर १८९४ रोजी यालू नदीच्या मुखाजवळ दोन्ही आरमारे भिडली. चिनी सेनापती तिंग रुचांग याच्याकडे जर्मनीत बांधलेल्या ‘तिंगयुआन’ व ‘चेनयुआन’ या सात हजार टनांहून मोठ्या चिलखती नौका होत्या. जपानी सेनापती इतो सुकेयुकी याचा भर वेग व जलद मारा करणाऱ्या तोफांवर होता. चीनने पाच जहाजे गमावली, जपानचे एकही बुडाले नाही. तथापि दोन्ही मोठ्या चिनी नौका शाबूत राहिल्या, ही बाब लक्षणीय आहे. नोव्हेंबरमध्ये पोर्ट आर्थर पडले. फेब्रुवारी १८९५ मध्ये वेइहाइवेइ बंदरात कोंडलेल्या आरमाराचा शेवट झाला आणि तिंगने आत्महत्या केली.

या लढाया मुख्यत्वे ली हुंगचांग याच्या उत्तरेकडील पेइयांग आरमाराने लढल्या. दक्षिणेकडील आरमारे जवळजवळ अलिप्त राहिली. दहा वर्षांपूर्वी, १८८४ मध्ये, फ्रेंचांनी फूचौ येथील आरमार उद्ध्वस्त केले तेव्हा पेइयांगची जहाजे मदतीस गेली नव्हती. शरणागतीच्या वेळी तर, क्वांगतुंगच्या आरमारातील एक जहाज या युद्धाशी संबंधित नसल्यामुळे ते परत करावे, अशी विनंती चिनी अधिकाऱ्याने इतोकडे केली. युद्ध राज्याचे नसून एका सुभेदाराचे आहे, ही समजूत तीतून उघड होते.

सातारा आणि आंग्रे :
कान्होजी आंग्रे यांना १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांनी शाहू छत्रपतींच्या पक्षात आणले. त्यामुळे सरखेलांचे आरमार सातारच्या गादीशी जोडले गेले. कान्होजींच्या मृत्यूनंतर (१७२९) पुत्रांमध्ये कलह झाला आणि १७३५ मध्ये बाजीरावांच्या मध्यस्थीने आंग्र्यांची दौलत मानाजी व संभाजी यांच्यात विभागली गेली. १७४९ मध्ये शाहूंचे निधन झाल्यावर उभयपक्षी मान्य असणारा धनी उरला नाही. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीत नव्हते. हे खरे असले तरी नानासाहेब पेशव्यांनी योजलेला उपाय महागात पडला. १७५५ मध्ये इंग्रजांच्या साहाय्याने सुवर्णदुर्ग घेण्यात आला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजींचे आरमार जळून खाक झाले. पुढे धुळपांच्या हाताखाली पेशव्यांचे आरमार विजयदुर्गास राहिले, परंतु कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना धाक घालणारी पूर्वीची शक्ती पुन्हा उभी राहिली नाही.

तुलना व समारोप :
दोन्ही घटनांतील भेदही महत्त्वाचा आहे. चीनमध्ये इतर आरमारे स्वस्थ राहिली, मराठी राज्यात प्रधानानेच परक्याच्या मदतीने स्वकीय आरमार बुडविले. मात्र मूळ दोष समान होता. आरमार व्यक्तीच्या वा घराण्याच्या मालकीचे समजले गेले, त्यामुळे त्याची हानी ही राज्याची हानी वाटली नाही. तिची किंमत मात्र संपूर्ण राज्याला मोजावी लागली. १७ एप्रिल १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने चीनने तैवान गमावले, वीस कोटी तैल खंडणी मान्य केली आणि कोरियावरील अधिराज्य सोडले. ज्या कोरियाच्या नावाने हे युद्ध झाले, तो देश १९१० मध्ये जपानने गिळंकृत केला. पराभवाची कारणे शोधताना जहाजे व तोफांच्या गणतीपूर्वी, ते आरमार कोणाचे मानले जात होते, हा प्रश्न विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.