खुला गट

शुक्रवारी रात्रीची खोपोली लोकल आणि दोन दिवस घर, हा आपला नेहमीचा कार्यक्रम. कर्जतला डबा रिकामा होतो, मग पुढच्या स्टेशनांत मोबाईलवर बुद्धिबळाचा एखादा डाव.

परवा घरी पोचलो तर भाची हिरमुसलेली. वय वर्षे दहा. तालुक्यातल्या एका शालेय स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळालं होतं. मग रडायला काय झालं? तर मुलींच्या गटात नावं दोनच. एक डाव झाला, ही हरली आणि 'दुसरी' आली! "मामा, मुलांच्या गटात बारा जण होते. मला तिथे का नाही घेतलं?" नियम आहे म्हणे.

आता आम्ही प्रोग्रामर लोक. नियम म्हटला की तो कुणी लिहिला आणि कुठे फसतो, हे बघायची खोड. म्हणून तिला एक जुनी गोष्ट सांगितली.

गिरगावातलं खाडिलकरांचं घर. नाटककार कृ. प्र. खाडिलकरांचे नातू नीळकंठ खाडिलकर 'नवाकाळ'चे संपादक. त्यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ मध्ये बंगलोरला पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. पुढे दशकभर या विजेतेपदाचा मुक्काम बहुतेक या तिघींकडेच. १९७९ मध्ये जयश्री भारताची पहिली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली.

खरी गंमत १९७६ ची. तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गदारोळ! प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथून थेट जागतिक बुद्धिबळ महासंघाकडे. तिथे अध्यक्ष होते हॉलंडचे मॅक्स युवे. १९३५ ते ३७ चे जगज्जेते, पण पेशाने गणिताचे मास्तर. अ‍ॅमस्टरडॅममध्ये मुलींच्या शाळेत शिकवलेले आणि उतारवयात चक्क संगणकशास्त्राचे प्राध्यापक झालेले! म्हणजे आमच्याच जातकुळीतले. त्यांनी निकाल दिला की राष्ट्रीय असो वा आंतरराष्ट्रीय, स्पर्धेतून बाईला बाई म्हणून वगळता येणार नाही.

पटावरच्या प्याद्याला कुठे ठाऊक असतं, त्याला ढकलणारा हात कुणाचा आहे ते? नियमातला बग एका तेरा वर्षांच्या पोरीने शोधला, दुरुस्तीवर सही युवेंची.

पुढे १९८१ मध्ये हैदराबादला आशियाई महिला स्पर्धा झाली. रोहिणीने ती एकही डाव न हरता जिंकली. बारापैकी साडेअकरा गुण! हे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय. १९८३ मध्ये क्वालालंपूरला पुन्हा तीच. म्हणजे महिलांची स्पर्धा तिने कमी लेखली असं अजिबात नाही. तिथेही खेळली आणि इथेही. दार दोन्हीकडचं उघडं हवं, एवढंच म्हणणं.

या दाराचं पुढे काय झालं? २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषकाची अंतिम फेरी रंगली. समोरासमोर दोन्ही भारतीय. नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवलं आणि ती ग्रँडमास्टर झाली. 'महिला ग्रँडमास्टर' नव्हे हं, नुसती ग्रँडमास्टर. तोच किताब जो आनंदला मिळाला.

असो. गोष्ट संपली तर भाचीचा प्रश्न, "मग ती रोहिणी पुरुषांची स्पर्धा जिंकली?"

"नाही गं. पण तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवलं तिने."

बाईसाहेब थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मला पण हरायचं असेल तर बारा जणांत हरायचंय."

रविवारी संध्याकाळी परतीच्या गाडीत बसेपर्यंत आम्ही चार डाव खेळलो. पुढच्या स्पर्धेचा फॉर्म मीच भरणार आहे. गट : खुला. कुणी नियम दाखवलाच तर युवेंचं नाव सांगायचं, हे तिने पाठ करून ठेवलंय.